डोळे मिटून पाहिलेला सिनेमा

मामा पाणबुडीचा सिनेमा डोळे मिटून बघतात.

पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना झोप लागली. ऑगस्टातला रविवार होता. दोन दिवस झड लागलेली, गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी सकाळीच आली होती, आणि पंडित कॉलनीतल्या त्यांच्या घरी आम्ही दोघं ‘दास बोट’ लावून बसलो होतो. मी आवाज कमी करायला रिमोट उचलला, तर डोळे न उघडताच ते म्हणाले, “राहू दे गं. विनाशिका वळतेय. ऐक.”

पडद्यावर त्या वेळी घामेजलेले, वर बघणारे चेहरे होते. मामांना ते चेहरे नकोच होते. त्यांना विनाशिकेच्या, म्हणजे पाणबुडीच्या मागावर असलेल्या युद्धनौकेच्या पंख्याचा आवाज हवा होता, जवळ येणारा, डोक्यावरून जाणारा आणि जाता जाता किंचित खाली उतरणारा. उजव्या हाताच्या बोटानं ते खुर्चीच्या हातावर ठोके मोजत होते.

मामा नौदलात सोनारवर होते, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर. आमची आजी शेजारणींना सांगायची, “धाकटा नेव्हीत सोनार आहे,” आणि सराफ बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या त्या बायकांना त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. 1974 साली ते भरती झाले, पुढे विशाखापट्टणमला पाणबुडीचं शिक्षण घेतलं आणि नोकरीची कितीतरी वर्षं फॉक्सट्रॉट वर्गाच्या पाणबुड्यांवर काढली. या रशियन बनावटीच्या बोटी. आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ 8 डिसेंबर 1967 रोजी रिगा बंदरात नौदलात दाखल झाली, म्हणून 8 डिसेंबरला पाणबुडी दिन असतो. मामी त्या दिवशी न सांगता शिरा करतात.

नाशिकमध्ये तोफखान्यातून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र, त्यामुळे इथे घर बांधून राहिलेले सुभेदार, हवालदार पुष्कळ. मामांच्या वरच्या मजल्यावरचे काकाही तोफखान्यातलेच. आयुष्यभर तोफांच्या शेजारी उभं राहिल्यानं त्यांना कमी ऐकू येतं आणि ते मोठ्यानं बोलतात. मामा अगदी हलक्या आवाजात बोलतात, भांडतानासुद्धा. दोघं संध्याकाळी जिन्यात बसलेले असले की एकाचंच बोलणं चाललंय असं खालून जाणाऱ्याला वाटतं. एकाच देशाच्या सेवेत दोघांचे कान दोन टोकांना गेले.

मला युद्धपटांची ओढ लहानपणापासून. पाणबुडीच्या सिनेमांची जास्तच, कारण घरात तो माणूस होता आणि तो काही सांगत नव्हता. मामांनी जे सांगितलं नाही ते सिनेमे सांगतील अशी माझी समजूत होती. ती किती खरी, किती खोटी, हे समजायला त्यांच्याच शेजारी बसून सिनेमे बघावे लागले.

‘दास बोट’ 1981 सालचा, वोल्फगांग पेटरसन यांचा. नावाचा अर्थ नुसता ‘ती बोट’, आणि जर्मन उच्चारही आपल्या ‘बोट’सारखाच. मामांना हे नाव फार आवडतं. “आम्ही तिला कधी जहाज म्हणालो नाही. बोटच म्हणायचो. जगभरचे सबमरीनवाले बोटच म्हणतात.” हा सिनेमा लोथार-गुंथर बुखहाइम यांच्या कादंबरीवर आहे. बुखहाइम 1941 साली युद्धवार्ताहर म्हणून यू-96 या पाणबुडीवरून खरोखर गेले होते. कादंबरी आली 1973 साली, म्हणजे तीसेक वर्षं त्यांनी तो वास पोटात धरून ठेवला होता.

खरेपणासाठी या मंडळींनी काय केलं ते वाचलं की छाती दडपते. म्युनिकच्या स्टुडिओत बोटीचा आतला भाग खऱ्या मापाचा बांधला. चित्रीकरणाच्या सोयीसाठी भिंती बाहेर सरकवायच्या, ही सिनेमावाल्यांची नेहमीची युक्ती. ती त्यांनी टाळली. सगळा सांगाडा हायड्रॉलिक यंत्रणेवर चढवला, म्हणजे तो खरोखर कलायचा आणि आतली माणसं खरोखर पडायची. छायालेखक योस्ट वाकानो हातात धरायचा कॅमेरा घेऊन त्या बोळातून धावले. डोकं आपटणार हे ठरलेलंच, म्हणून ते हेल्मेट घालून धावायचे. नटांना उन्हात जाऊ दिलं नाही, चेहरे पांढुरके पडावेत म्हणून. प्रसंग शक्य तेवढे कथेच्या क्रमानं चित्रित केले, त्यामुळे दाढ्या खऱ्या वाढल्या आणि थकवाही खरा साठत गेला.

एवढं करूनही बुखहाइम नाराज होते. चित्रण भडक झालंय, माणसं उगाच आरडाओरडा करतात, असं त्यांचं म्हणणं. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. ओरडायला हवा लागते.”

त्या एका वाक्यानं माझ्या डोळ्यांसमोरचे कितीतरी सिनेमे पडले. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली गेली की आतली हवा तेवढीच. शत्रू वर घिरट्या घालत असेल तर ज्यांची पाळी नाही त्यांनी बंकवर पडून राहायचं, कारण पडलेला माणूस कमी श्वास घेतो. पंखे बंद. हातातला पाना फडक्यावर ठेवायचा. खालच्या डेकवर कोणी काही पाडलं तर ते पाण्यातून मैलोन्‌मैल जाईल, ही भीती. कार्बन डायऑक्साइड वाढला की आधी डोकं दुखतं, मग माणूस मंद होतो, सोपी बेरीज चुकतो. तो आवेशानं भाषण करत नाही. सिनेमात मात्र नेमक्या याच वेळी कप्तान भाषण करतो आणि मागे वाद्यवृंद वाजू लागतो. मामांचा सगळ्यात मोठा राग त्या वाद्यवृंदावर. पाणबुडीवरच्या माणसाचं जगणं ज्या शांततेवर अवलंबून असतं तीच सिनेमावाले आधी पुसून टाकतात, म्हणतात.

बारीकसारीक चुका ते सोडून देतात. लाल दिवा, उदाहरणार्थ. रात्री पेरिस्कोप पाण्याबाहेर काढण्याइतकं वर यायचं असेल तेव्हा डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून तो असतो. सिनेमात तो सदासर्वदा जळतो, दुपारी जेवतानासुद्धा. ऐसपैस नियंत्रण कक्ष, दोन हात पसरून वाद घालायला जागा. फॉक्सट्रॉट एक्क्याण्णव मीटर लांब होती आणि तिच्यात पंचाहत्तरच्या आसपास माणसं राहायची. यंत्रं, टॉर्पेडो, बॅटऱ्या आणि खाण्याचं सामान यांतून उरलेल्या फटींत. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं ते गोल भोकातून, आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेलं अंग. मामांची अजूनही सवय आहे, नव्या दारातून जाताना ते नकळत मान खाली घालतात.

पाण्याच्या खोलीचं मात्र ते सोडत नाहीत. “सिनेमात काटा फिरतो आणि लोक घाबरतात. काट्याला कोण घाबरतं?” असं म्हणून त्यांनी एकदा वर्तमानपत्राच्या कडेवर हिशोब मांडला. दर दहा मीटर खाली गेलं की एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार वाढतो. दोनशे मीटरवर वीस किलो. साठ सेंटिमीटर व्यासाचं झाकण घेतलं तर त्याचं क्षेत्रफळ 2827 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला, साडेछप्पन्न टन आले. “पिंपळगावहून कांदा भरून निघालेले दोन दहाचाकी ट्रक,” मामा म्हणाले, “एकावर एक, त्या एका झाकणावर. आणि झाकणाखाली तू चहा पितेस.”

मग त्यांनी दोरीची गोष्ट सांगितली. बोट पाण्याच्या वरच्या थरात असताना आतून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणून बांधायची. खोल जावं तशी ती दोरी सैल पडत जाते, मधोमध झोळ धरते. पोलाद दाबलं जातंय, बोट अरुंद होतेय. जुन्या पाणबुड्यांवर नव्या पोरांना हे दाखवायची पद्धत होती. मला अजून एकाही सिनेमात ती दोरी दिसलेली नाही. स्फोट, ठिणग्या, फुटलेल्या नळ्यांतून येणारे फवारे दिसतात, पण आवाज न करता सैल पडणारी दोरी कोणी दाखवत नाही. मला विचाराल तर या विषयावरचा सगळ्यात भयंकर प्रसंग तोच होईल.

नाशिककरांना पाण्याची खोली अशी एखाद्या वस्तूवरून वाचायची सवय आहे. पूर आला की आपण क्युसेकचे आकडे ऐकतो आणि लगेच विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गोदापात्रातल्या त्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं तेव्हा मामी तीनदा फोन करून हेच विचारत होत्या. पाण्याचा धाक अंगाच्या मापानं कळतो, आकड्यानं नाही. सिनेमावाल्यांना ही साधी गोष्ट कळायला हवी होती.

2017 साली ‘द गाझी अटॅक’ आला. आम्ही सहा जण थिएटरात गेलो, मामांना आग्रह करून नेलं. पाकिस्तानची ‘गाझी’ 1971 च्या 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली. मुळात ती अमेरिकन पाणबुडी, ‘डायब्लो’ नावाची. विमानवाहू ‘विक्रांत’च्या शोधात ती आली होती आणि विक्रांत तेव्हा अंदमानात होती. आपल्या नौदलाच्या म्हणण्यानुसार ‘राजपूत’ या विनाशिकेनं टाकलेल्या पाणबाँबनी ती बुडाली. तिचेच सुरुंग फुटले किंवा आतच स्फोट झाला असं मानणारेही आहेत. सिनेमात मात्र एक भारतीय पाणबुडी पाण्याखाली तिच्याशी झुंजते.

थिएटर टाळ्या वाजवत होतं. मामा डोळे मिटून बसले होते. बाहेर आल्यावर माझ्या मामेभावानं विचारलं, “कसा वाटला?” मामा म्हणाले, “मुलांनी मेहनत घेतलीय.” आणि गाडीत बसल्यावर, कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला, “ती अजून तिथेच आहे. आम्ही बंदरातून बाहेर पडायचो तेव्हा माहीत असायचं, इथे कुठेतरी नव्वदपेक्षा जास्त माणसं आहेत.”

पाण्याखाली एका पाणबुडीनं दुसऱ्या पाण्याखालच्या पाणबुडीला लढाईत बुडवल्याचा एकच प्रसंग नोंदलेला आहे. 9 फेब्रुवारी 1945, नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ. ब्रिटिशांची ‘व्हेंचरर’ आणि जर्मनांची यू-864. जर्मन बोटीत जपानसाठी निघालेला पारा होता, 67 टन. व्हेंचररच्या हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर, आधी एक बारीक आवाज आला. कप्तान जिमी लाँडर्स यांनी काही तास नुसता पाठलाग केला. शत्रू नागमोडी चालला होता. त्याची वळणं, वेग, खोली, सगळं अंदाजानं आणि कागदावरच्या गणितानं. मग चार टॉर्पेडो, थोड्या थोड्या अंतरानं, वेगवेगळ्या खोलीवर. तीन चुकवले आणि चुकवता चुकवता ती बोट चौथ्याच्या वाटेत आली. 73 माणसं गेली.

या लढाईवर खरा सिनेमा काढायचा तर पडद्यावर दोन-तीन तास काय दिसेल? कानाला हेडफोन लावलेला एक माणूस, पेन्सिल घेतलेला दुसरा, घड्याळ धरलेला तिसरा. मला तो सिनेमा बघायचाय. खरंच बघायचाय. दिवाळी अंकातल्या एखाद्या दीर्घकथेसारखा, आत आत जाणारा, चार माणसांच्या श्वासांवर चाललेला. पण असा सिनेमा काढायला पैसे कोण देणार, म्हणून दोन बोटी कुस्तीगिरांसारख्या एकमेकींना धडका देतात.

इतिहास बदलण्याबद्दल माझं मत मामांपेक्षा कडक आहे. 2000 साली आलेल्या ‘यू-571’ या अमेरिकन सिनेमात जर्मनांचं गुप्त संदेशांचं एनिग्मा यंत्र अमेरिकन खलाशी मिळवतात. खरं तर ‘बुलडॉग’ या ब्रिटिश विनाशिकेच्या खलाशांनी 9 मे 1941 रोजी यू-110 वरून ते आणलं. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. आणि 30 ऑक्टोबर 1942 च्या रात्री भूमध्य समुद्रात यू-559 बुडत असताना ‘पेटार्ड’ या ब्रिटिश विनाशिकेवरचे टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर तिच्यात उतरले, सांकेतिक पुस्तकं वर देत राहिले आणि बोटीबरोबरच खाली गेले. त्यांच्या हातून ती पुस्तकं घेणारा टॉमी ब्राऊन हा कँटीनमधला सोळा वर्षांचा पोरगा होता. असा प्रसंग समोर असताना नवा रचावासा कसा वाटतो, हे मला कळत नाही. हॅचचा व्यास चुकला तर चालेल. मेलेल्या माणसाचं काम दुसऱ्याच्या नावावर घालू नये.

मामांचं मोजमाप वेगळं आहे, आणि ते मला फार उशिरा समजलं.

सोनारवर बसलेला माणूस दिवसभर काय ऐकतो, असं मी त्यांना विचारलं होतं. उथळ, कोमट पाण्यात कोळंबीसारखे बारके जीव सतत टचटच आवाज करतात. “कढईत मोहरी तडतडते ना, तसं. चोवीस तास फोडणी चाललेली.” त्या फोडणीतून मासेमारी बोटीची फटफट वेगळी काढायची, मालवाहू जहाजाचा जड, सावकाश ठोका वेगळा, लढाऊ जहाजाचा घट्ट, भरभर फिरणारा पंखा वेगळा. घड्याळ लावून फेरे मोजायचे, त्यावरून वेग काढायचा. पाण्याला थर असतात, वर कोमट, खाली गार. त्या थराच्या सीमेवर आवाज वाकतो. म्हणून थराच्या खाली दडलेली बोट वरच्याला ऐकू येत नाही आणि वरचंही खाली अंधुक येतं. “आंधळ्यानं रहदारीचा रस्ता ओलांडावा तसं रोज,” मामा म्हणाले.

मामांनी युद्ध पाहिलं नाही. ते भरती झाले तेव्हा आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडून तीन वर्षंही झाली नव्हती. 9 डिसेंबर 1971, दीवच्या समुद्रात, पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो. 18 अधिकारी, 176 नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. मामांना शिकवणाऱ्यांपैकी काहींचे सोबती त्या जहाजावर होते. म्हणजे मामा शिकत होते तेच काम, जे करून कोणीतरी त्यांच्या शिक्षकांची माणसं बुडवली होती. हे त्यांनी मला असं जोडून सांगितलं नाही. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “हँगोरवरही एक जण हेडफोन लावून बसलेलाच असणार ना गं. त्याला पुढचंही ऐकू आलं असणार.”

पुढचं म्हणजे काय, ते ‘दास बोट’मध्ये आहे. टॉर्पेडो लागल्यावर जर्मन खलाशी जल्लोष करतात आणि मग पाण्यातून तो आवाज येतो. बुडत्या जहाजाच्या आतल्या भिंती पाण्याच्या दाबानं एकेक करून फुटताहेत. कण्हल्यासारखं पोलाद वाजतं. सगळे गप्प होतात. त्या रविवारी, एवढा वेळ मिटलेले मामांचे डोळे नेमके त्या जागी उघडले. ते पडद्याकडे बघू लागले, चेहऱ्यांकडे, अगदी लक्ष देऊन, जणू डोळ्यांना काम दिलं की कानांना सुट्टी मिळेल. आवाज थांबल्यावर पुन्हा मिटले.

नोकरीत तो आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. पण तो कधीही ऐकावा लागेल आणि तो आपल्यामुळेच झालेला असेल, या तयारीनं त्यांनी सगळी वर्षं काढली. शांततेच्या काळातल्या सैनिकावर सिनेमा निघत नाही, कारण त्याच्या आयुष्यात काही घडत नाही असं आपण धरून चालतो.

या सिनेमांच्या सुरुवातीला आकडे येतात. ‘दास बोट’च्या आरंभी येतं, चाळीस हजार जर्मन खलाशी पाणबुड्यांवर गेले आणि तीस हजार परतले नाहीत. तो आकडा बघताना माझ्या मनात मामी येतात.

मामी पाणबुडीचा सिनेमा बघत नाहीत. आम्ही लावला की त्या ओट्याशी काहीतरी काम काढतात. ऐंशीच्या दशकात मामा विशाखापट्टणमला आणि त्या नाशकात, सासूसासरे आणि दोन लहान मुलांपाशी. बोट समुद्रात गेली की पत्र नाही, तार नाही. किती दिवस, ते सांगायचं नसतं. घरी आले की पिशवीतल्या कपड्यांना डिझेलचा वास यायचा. एकदा धुऊन जायचा नाही, सोड्यात भिजवून ठेवले तरी जायचा नाही. “इस्त्री फिरवली की पुन्हा यायचा,” मामी सांगतात. पाणबुडीवरचा सगळ्यात खरा तपशील तो वास आहे, आणि पडद्यावर तेवढाच येऊ शकत नाही. तो माझ्या मामींनी त्यांच्या मोरीत हातांनी ओळखलेला आहे.

त्या काळात मामी सोमवारी रामकुंडावर जायच्या. देवदर्शनाला जाते असं घरी सांगायच्या, पण गोदावरीत पाय सोडून बसायच्या. ब्रह्मगिरीवर उगवणारी ही नदी. पश्चिमेचा समुद्र तिथून इतका जवळ, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून साडेचौदाशे किलोमीटर पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. विशाखापट्टणम त्याच समुद्रावर. “हे पाणी तिकडेच जातं, एवढं मला माहीत होतं,” असं त्या एकदा भाजी निवडताना म्हणाल्या आणि विषय बदलला.

14 ऑगस्ट 2013 च्या सकाळी बातमी आली, मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले. 18 जण गेले. मामा निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, ते समोर सोफ्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. तरी मामींनी टीव्ही बंद केला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

सिनेमात या बाया कुठे असतात? बंकशेजारी चिकटवलेल्या फोटोत. लढाईआधी नट त्या फोटोकडे दोन सेकंद बघतो. 12 ऑगस्ट 2000 रोजी बुडालेल्या रशियन पाणबुडी ‘कुर्स्क’वर 2018 मध्ये आलेल्या सिनेमात किनाऱ्यावरची घरं, बायका, मुलं दिसतात. 118 माणसं गेली त्यात. पहिल्या स्फोटांनंतर तेवीस जण मागच्या कप्प्यात जिवंत होते, आणि त्यांच्यातल्या दिमित्री कोलेस्निकोव यांनी अंधारात, चाचपडत, बायकोला चिठ्ठी लिहिली. पण ती युद्धाची गोष्ट नव्हे. युद्धपट मात्र पोलादाच्या कवचापाशी संपतो. आत खिळा न्‌ खिळा खरा, बाहेरचा काठच नाही. मी इतकी वर्षं आतल्या खिळ्यांची तपासणी करत राहिले याची मला आता हळहळ वाटते. मामी पाच फुटांवर ओट्याशी उभ्या होत्या.

गेल्या फेब्रुवारीत मी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेले होते. तिथून परतताना डोक्यात आलं की पाण्याखालची झुंज भारतीय पडद्यावर आणणारा माणूस आपलाच. दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870. मृत्यू नाशिकचा, 1944. ‘कालिया मर्दन’ 1919 सालचा, त्यांच्या नाशिकच्या हिंदुस्थान कंपनीचा. कृष्णाचं काम त्यांच्याच लेकीनं, मंदाकिनीनं केलंय, सात वर्षांच्या आसपासची पोर. आणि गंमत बघा, सिनेमा सुरू होताना फाळके आधी त्या मुलीचा नुसता चेहरा दाखवतात. ती हसते, रागावते, घाबरते, आणि मग तिचा कृष्ण होतो. हे नाटक आहे, ही माझी मुलगी आहे, असं प्रेक्षकाला आधीच सांगून टाकायचं आणि तरीही पुढे त्याचा श्वास रोखून धरायचा. खरेपणाची एवढी मोठी खात्री मला त्या सगळ्या हायड्रॉलिक सांगाड्यांतही सापडली नव्हती.

संध्याकाळी मी मामांकडे तो लावला. उरलेला आहे तेवढा. मूकपट, त्यामुळे टीव्हीचा आवाजही मी पूर्ण बंद केला.

कृष्ण यमुनेत उडी घेतो. पाण्याखाली तो नाग. काठावर सगळं गोकुळ जमलंय, यशोदा ऊर बडवतेय, तिला माणसं धरून ठेवताहेत. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते. खुर्चीच्या हातावरचं बोट हलत नव्हतं.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. मामी दाराशी आल्या होत्या, ओले हात पदराला न पुसता तशाच धरून. कृष्ण वर आला, नागाच्या फण्यावर उभा राहिला, काठावरची माणसं हलली.

“आली बाई वर पोर,” मामी म्हणाल्या आणि कुकर बंद करायला आत गेल्या.